रगतवाला कंपाउंडर

कंपाउंडरना माझं नाव शेवटपर्यंत पाठ झालं नाही. ते मला 'साडेनऊ' म्हणायचे. पहिल्यांदा त्यांनी माझ्या बोटाचं रक्त काढून काचेच्या नळीत रंग जुळवून पाहिला तेव्हा तेवढा आकडा आला होता. पुढं तो चांगला अकरा-बारावर गेला, पण मी साडेनऊच राहिले. आमच्या गावात अशी बरीच माणसं होती. देवळातले पुजारी 'तेरा', त्यांची बायको 'सात'. एकदा सुप्याच्या भर बाजारात ते ओरडले, "ओ सात, गोळ्या खाताय न्हवं?" आणि ती बाई तोंडावर पदर ओढून पळाली.

माणूस निपाणीकडचा. उंच, वाळका, चालताना एका अंगाला कललेला. चैत्रातसुद्धा गळ्याला मफलर आणि खाली खाकी अर्धी चड्डी. युद्धाच्या वेळी आसामात लष्करी इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत होते. युद्ध संपलं, ती खोली गेली, आणि हे काळी नदीच्या पलीकडच्या आमच्या दवाखान्यात लाल औषधाच्या बाटल्या भरायला आले. ते काम ते डाव्या हातानं केल्यासारखं करायचे. जीव होता तो रक्तात. तापाच्या दिवसांत रक्ताचे थेंब काचेवर घ्यायला जंगलातल्या वाड्या-वस्त्या पालथ्या घालायला कुणी तयार नसायचं, हे मात्र न सांगता निघायचे. सुई टोचायच्या आधी प्रत्येकासमोर स्वतःचं बोट टोचून दाखवायचे. त्यामुळं त्यांच्या डाव्या हाताची बोटं घट्ट्यांनी टणक झाली होती. रक्त घेतलं की खिशातून गुळाचा खडा काढून हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "साकु, बास झालं. आता पळ."

ज्या घरचं रक्त घेतलं त्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "घेतलं तेवढं पुरे की."

आणि खोटं बोलता येत नसे. न येणं म्हणजे अगदी न येणं, एखाद्याला शीळ घालता येत नाही तसं. बारशाला बोलावलं तर पाळण्यात वाकून पोराच्या पापण्या खाली ओढून बघायचे आणि सगळ्या बायकांदेखत सांगायचे, "ह्येच्या अंगात रगत न्हाई. पेढं कसलं वाटताय?" माणसं रागावली की त्यांना नवल वाटायचं. "रगताला लाज न्हाई," असं ते म्हणत. "लाज माणसाला. म्हणून मी रगताला इचारतो."

लोक त्यांना रगतवाला म्हणत. तो रक्त विकतो, असंही म्हणत.

आमच्या घरात ते शिरले ते माझ्या भावाच्या हातामुळं.

आमचं गाव नंदिगड्ड्याच्या अलीकडं, वीसेक घरांचं. मी नऊ वर्षांची असताना माझे वडील गेले. सुप्याच्या बाजारात त्यांनी दुखरी दाढ काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुजले, मग गाल, मग जीभ. दुपारी ते पाणी मागायला गेले तर आवाज बाहेर पडला नाही. दिवस मावळायच्या आत संपलं. दोन वर्षांनी त्यांची बहीण, माझी आत्या, चार दिवस राहायला आली होती. तिचंही तसंच झालं. ज्या दिवशी तिचा गळा सुजला त्या दिवशी सकाळी तिनं माझ्या आयेच्या हातची भाकरी खाल्ली होती.

तेवढं पुरलं. धाकटे काका म्हणाले, हिच्या हातात विष आहे. आये खानापूरकडून आलेली, परकी. तिची चूल परसात वेगळी मांडली. तिच्या हातचं पाणी गावात कुणी प्यायचं नाही. लग्नाकार्यात ती धुणी-भांडी करायची, पण शिजल्या अन्नाजवळ गेलेली चालायची नाही. मी आणि माझा भाऊ परसू मात्र तिच्याच हातचं खायचो. आम्हांला काही होत नाही हे गाव बघत होतं, पण त्याचंही उत्तर गावाजवळ होतं: आपल्या पोरांना कोण विष घालील?

मग परसू सोळा-सतरा वर्षांचा झाला, लाकडाच्या कामावर जाऊ लागला, आणि एक दिवस त्याचा उजवा हात भोपळ्यासारखा सुजला. त्याच दिवशी कंपाउंडर तापाचं रक्त घ्यायला आमच्या वाडीत आले होते. त्यांनी हात बघितला.

"खाजतंय?"

"न्हाई."

"तांबडं झालं न्हाई. ताप न्हाई. कशानं लागलं?"

"ओंडका घासला जरासा."

ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "घरात आणि कुणाला असं हुतं? मेलं असंल कोण तर त्ये बी सांगा."

मी वडलांचं आणि आत्याचं सांगितलं. त्यांनी तापाच्या फॉर्मची मागची बाजू काढली आणि ओट्यावरची माझी वही बघून मला म्हणाले, "तुझं अक्षर बरं दिसतंय. लिव." ते सांगत गेले आणि मी आमच्या घराण्याचं झाड काढलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, गळा सुजून गेलेल्याला काळं. आजोबांचा एक भाऊ तसाच गेल्याचं काकांच्या तोंडून तेव्हाच पहिल्यांदा बाहेर आलं. कंपाउंडरनी आयेला विचारलं, "तुमच्या माहेरात?"

"कोण न्हाई," आये परसातून म्हणाली. ती ओट्यावर येत नसे.

"मग तुमी तिकडं का बसलाय?"

काकूच बोलली, हिच्या हातात विष आहे म्हणून. कंपाउंडर उठले, परसात गेले आणि म्हणाले, "आक्का, तांब्याभर पाणी द्या." जो माणूस कुणाच्या घरी पाणी घेत नसे त्यानं तो तांब्या उभ्याउभ्या संपवला. आयेच्या डोळ्यांतून धार लागली. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, किती मोठं मन. पण ते मला म्हणाले, "इष असंल तर मला कळंल की. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आठ मैल चालत आले, फाटकातून ओरडले, "जिता हाय!" आणि तसेच परत गेले.

युद्धात ते ज्या साहेबांच्या हाताखाली होते ते आता मुंबईत एका प्रयोगशाळेत मोठे डॉक्टर होते. कंपाउंडर त्यांना पत्रं लिहू लागले. आमच्या झाडाच्या नकला मीच करून द्यायची. उत्तर येत नसे. दोन वर्षं ते लिहीत राहिले. मधल्या काळात परसूचं लग्न झालं, अणशीकडची शेवंता घरात आली. आणि एकदा परसूचा गळा धरला. आवाज घोगरा झाला. मी दवाखान्याकडं माणूस पळवला. कंपाउंडर आले ते पिशवीत एक धारदार चाकू आणि एक वाकडी धातूची नळी घेऊन. दोन्ही उकळून फडक्यात ठेवली आणि परसूच्या उशाशी बसले. शेवंता रडू लागली तर म्हणाले, "श्वास बंद झाला तर गळ्याला हितं भोक पाडायचं आणि ही नळी घालायची. युद्धात दोनदा केलंय. एक जगला." असं बोलतात का कुणी? पण दिवसभर ते तिथून हलले नाहीत. संध्याकाळी सूज उतरली. चाकू पुसून पिशवीत ठेवत ते म्हणाले, "आज वाचलास. फुडचं सांगत न्हाई."

मग मुंबईचं उत्तर आलं. परदेशात नुकतंच कळलं होतं म्हणे, की अशा घराण्यांत रक्तातली एक वस्तू जन्मापासून कमी असते. कंपाउंडरनी ते आम्हांला आमच्या भाषेत सांगितलं. "अंगात किडं-जंतू शिरलं तर त्येंच्याशी भांडायला रगतात एक टोळी असती. जन्मापास्नं. त्या टोळीवर एक मुकादम असतोय, बास म्हणणारा. तुमच्या घरात काही जणांच्या रगतात त्यो मुकादमच न्हाई. जरा कुठं लागलं की टोळी सुटती आणि आपलंच घर फुगवती. आता रगत धाडून बघायचं, कुणाच्यात हाय आणि कुणाच्यात न्हाई."

पहिल्या खेपेला रक्त वाया गेलं. लोंढ्याला गोव्याच्या गाडीतून उतरणाऱ्या मासळीच्या पेट्यांतला बर्फ मागून त्यांनी थर्मास भरला आणि कुणा ओळखीच्याबरोबर मुंबईला पाठवला. वाटेत बर्फ वितळला. ते पुन्हा सुई घेऊन दारात आले तेव्हा गावानं ठरवूनच टाकलं, की पहिलं विकलं आणि आता दुसरं पाहिजे. काकांनी हात पुढं केला नाही. काकांच्या पायाला अधूनमधून सूज यायची, ते चप्पल लागली म्हणायचे. मी दिलं, परसूनं दिलं. आयेनंही दिलं, तिचं कशाला, विचारलं तर म्हणाले, "तिच्यावर आळ हाय, तिला आधी पायजे." या वेळी ते रजा टाकून स्वतः मुंबईला गेले, मासळीच्या वासाचा थर्मास मांडीवर घेऊन.

मी बावीस वर्षांची झाले होते. गावातल्या मराठी शाळेत पहिलीला शिकवत होते. आयेच्या आळामुळं मला स्थळ येत नव्हतं. शेवटी लोंढ्याचं एक आलं, मुलगा रेल्वेत. सुपारी फोडायला त्यांच्याकडची आठ माणसं आली होती. काकूनं स्वयंपाक केला होता. आये परसात होती. ताटात सुपारी ठेवलेली, आणि फाटकातून कंपाउंडर आले. घामानं निथळलेले, मफलर सुटलेला, हातात कागद. त्यांचा चेहरा मी एवढा आनंदी कधी बघितला नव्हता.

"सगळी जमल्यात?" ते म्हणाले. "बरं झालं. मला परत परत सांगाय नको."

काका उठले. "आज नको, कंपाउंडर. पावणं आल्यात."

"पावण्यांनी बी ऐकाय पायजे की." आणि त्यांनी कागद उघडला. "ह्या बाईनं कुणाला इष घातलं न्हाई. आक्का, भाईर या, तुमचंच सांगतोय. हिचा नवरा, हिची नणंद, दोघं आपल्याच रगतानं मेली. ह्यो परसू, ह्येच्यात बी मुकादम न्हाई. मुंबईस्नं लिवून आलंय, शिक्का हाय बगा."

मुलाच्या वडलांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे ही सूज घराण्यातली हाय?"

"व्हय! त्येच तर सांगतोय. बापाकडनं आलीया." मग त्यांना माझी आठवण झाली. माझ्याकडं बोट करून ते म्हणाले, "ही साडेनऊ. हिच्यात मुकादम हाय. हिचं रगत चोख. हिच्या पोरांना काय हुणार न्हाई. लिवून देतो पायजे तर."

कुणी लिहून मागितलं नाही. "घरात इचारून कळवतो," असं म्हणून पाहुणे उठले. सुपारी ताटातच राहिली. फाटकापर्यंत त्यांच्या मागून जाणारे काका परत आले आणि खांबाला टेकून बसले.

मग काकू उठली. तिनं परसाकडं तोंड करून हाक मारली, "ये गे भाईर. वाढ तू आता." अकरा वर्षांनी आये त्या घरच्या शिजल्या अन्नाला हात लावत होती. वाढता वाढता भात पानाबाहेर सांडला. रडतही होती आणि हसतही होती. तिच्या सुटकेचा दिवस आणि माझं लग्न मोडल्याचा दिवस एकच होता, आणि तिला कुठलं आधी धरावं ते कळत नव्हतं. मी पानावर बसले नाही. कंपाउंडर बसले. कुणाच्या घरी पाणी न पिणारा माणूस त्या दिवशी आयेच्या हातचा भात दोनदा मागून जेवला. त्या घरात तेवढा सुखानं जेवणारा तो एकटाच होता. मी चौकटीत उभी राहून त्यांच्याकडं बघत होते आणि मला वाटत होतं, या माणसाच्या घशात घास अडकावा.

चार दिवसांनी काका म्हणाले, "वर अर्ज करूया. ह्यो राहिला तर तालुक्यात आमच्या घरची एक पोर उजवायची न्हाई." त्यांना लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं. जबरदस्तीनं रक्त घेतो, बाहेर नेतो, घराण्यांची बदनामी करतो. जबरदस्ती हा शब्द काकांचा नव्हता, माझा होता. पंधरा माणसांनी सह्या आणि अंगठे केले. परसूनं केला नाही. आयेला आम्ही विचारलंच नाही.

दोन महिन्यांत त्यांची बदली झाली, खाली समुद्राकडं. जायच्या आदल्या दिवशी ते शाळेत आले. पोरं पाढे म्हणत होती. दारातच उभे राहून म्हणाले, "अर्ज वाचला. चौकशीला दाखवला मला. बरा लिवलाईस. आमचा कारकून रक्त हा शब्द नेहमी चुकवतो, तुझा बरोबर हाय." रागावले नव्हते. टोमणाही नव्हता तो. ते खरंच माझ्या अक्षराचं कौतुक करत होते. मग त्यांनी एक कागद दिला. माणसाच्या गळ्याचं चित्र, कंठाखाली एक छोटी रेघ. "परसूचा आवाज बदलला की नव्या डॉक्टरला ह्ये दाखव. नळी तिथं कपाटात ठेवलीया. थांबू नका म्हणावं."

मी कागद घेतला. पोरांना पुढचा पाढा म्हणायला लावला.

पुढच्या वर्षी लाकूड भरताना परसूच्या जबड्यावर फांदी आपटली. सकाळी ओठ सुजला. आवाज बदलायच्या आतच आम्ही त्याला गाडीत घातला. मी कागद बरोबर घेतला होता. नवे डॉक्टर वाईट नव्हते. पंचविशीचा मुलगा, नुकताच शिकून आलेला. त्यांनी दोन इंजेक्शनं दिली. उतार पडेना. मी कागद पुढं केला, कपाटातली नळी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चित्र बघितलं, परसूकडं बघितलं. "बाई, मी हे कधी केलेलं नाही," ते म्हणाले. "हे करणारे कुणी होते का इथं?"

"होते," मी म्हटलं.

त्यांनी चाकू हातात घेतला तेव्हा परसूची छाती हलायची थांबली होती.

शेवंताला एक मुलगा होता, बाळू, दोन वर्षांचा. दिवस-वार आटोपल्यावर मी तिला आणि पोराला घेऊन कारवारच्या पुढं, किनाऱ्यावरच्या त्या दवाखान्यात गेले. कंपाउंडर मागच्या खोलीत पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत बसले होते. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाले, "साडेनऊ. परसू?"

मी सांगितलं. त्यांनी हळहळ केली नाही. विचारलं, "लागल्यापास्नं सूज दिसायला किती येळ गेला? आवाज कवा बदलला?" आणि खिशातून कागद काढून लिहू लागले.

मग मात्र मला धरवेना. "अर्ज मी लिहिला म्हणून तुम्ही गेलात," मी म्हटलं. "तुम्ही असता तर तो जगला असता. शिव्या घाला की मला. काहीतरी बोला."

त्यांनी पेन्सिल थांबवली. "दोघांतला एक जगतो म्हणून मी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "जगला असता असं मला म्हणता येत न्हाई." मग म्हणाले, "नसता जगला असं बी म्हणता येत न्हाई."

एवढंच. खोटं बोलून मला सोडवणं त्यांना जमलं नाही, तेव्हाही.

मी बाळूला पुढं केलं. त्यांनी मान हलवली. "मला रगत घ्याची बंदी हाय. तुझ्याच अर्जावर हुकूम निघालाय." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर पाय मागं ओढून उठले, ट्रंकेतून काचेची पिचकारी आणि सुई काढली, उकळली आणि माझ्या हातात दिली. "हुकूम मला हाय, तुला न्हाई. आधी माझं घे. हात बसू दे." त्यांनी मफलर दंडाला आवळला आणि हात टेबलावर पसरला. पहिल्यांदा सुई शिरेच्या बाजूला गेली. दुसऱ्यांदाही. त्यांनी डोळाही मिटला नाही. "वाकडी धरलीस. आडवी कर. हां. आता ओढ." त्यांचं काळसर लाल रक्त पिचकारीत चढलं तेव्हा मला भोवळ आली. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली, दोन मिनिटं बसू दिलं, आणि बाळूला शेवंताच्या मांडीवर घट्ट धरायला सांगितलं. पोर ओरडलं, पण पहिल्याच खेपेला रक्त आलं.

ते रक्त घेऊन कंपाउंडर स्वतः बोटीनं मुंबईला गेले. वर्षाच्या आत वारले, असं पुढं कानावर आलं. कशानं ते कळलं नाही.

पत्र मात्र त्यांच्या हातचं आलं, शाळेच्या पत्त्यावर. दोन ओळी होत्या. पोराच्या रक्तातही मुकादम नाही. बापाइतकंच कमी. त्याच्या आईला आजच सांगणे.

मी पत्र घेऊन घरी गेले. शेवंता अंगणात भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "काय लिवलंय?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. बाळू तिच्या पाठीला लोंबकळत होता.

"चांगलं हाय," मी म्हटलं. "काय काळजी न्हाई म्हणून लिवलंय."

परसू गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. मी पत्र घडी करून पोलक्यात घातलं आणि शाळेकडं परत निघाले.